भाषेच्या तीन रकान्यांत मी काय लिहिलं

गुरुवार, १७ नोव्हेंबर २००५. सकाळी सव्वाआठ. शाळेच्या ऑफिसमागची लहान खोली, गोल टेबल, सहा खुर्च्या.

हजर: मुख्याध्यापिका. पाचवीच्या वर्गशिक्षिका. इंग्रजीचा जादा वर्ग घेणाऱ्या बाई. आमच्या समोरच्या घरात राहणारी बाई, मूळची एल साल्वाडोरची, हॉटेलच्या लाँड्रीत कामाला. तिची दहा वर्षांची मुलगी, पाचवीत. आणि मी.

गैरहजर: दुभाषी. शाळा बोलावणार होती. आला नाही.

विषय: या मुलीला डिसेंबरमधल्या गणिताच्या परीक्षेला बसू द्यायचं की नाही.

इथपर्यंत माझ्या वहीतलं जसंच्या तसं उतरवलं आहे. पुढचं आठवणीतून लिहिते, कारण त्या दिवशी अर्ध्या मीटिंगनंतर मी लिहायचं थांबवलं आणि बोलायला लागले.

त्या परीक्षेचं महत्त्व आधी सांगायला हवं. पाचवीत ती परीक्षा पास झालं की सहावीत गणिताच्या वरच्या वर्गात जागा मिळते. तिथून सातवी-आठवीत बीजगणित, मग हायस्कूलमध्ये पुढचं सगळं. पाचवीत ती हुकली तर नंतर त्या रांगेत शिरता येत नाही असं नाही, पण शिरलेलं मूल मी पाहिलं नव्हतं. आमच्या भारतीय मंडळींत या परीक्षेची चर्चा तिसरीपासून सुरू व्हायची. समोरच्या घरात ती परीक्षा आहे हेच ऑक्टोबरपर्यंत कुणाला माहीत नव्हतं. तेव्हा परीक्षेला बसणाऱ्या मुलांना पत्रं मिळाली. माझ्या लेकीला मिळालं. समोरच्या मुलीला नाही.

आम्ही अमेरिकेत, हर्नडनला, २००१ च्या जुलैत आलो. त्याआधी मी पिंपरीला एका कारखान्याच्या प्लॅनिंग विभागात चौदा वर्षं काढली. कुठला भाग कधी हवा, कुठे अडकला, कुणाला फोन करायचा, हे माझं काम. इथे माझ्या व्हिसावर नोकरी करायला परवानगी नव्हती, त्यामुळे त्या सवयी घराकडे वळल्या आणि घर पुरेना म्हणून शाळेकडे. दर मंगळवारी मी लेकीच्या वर्गात मदतीला जायचे. झेरॉक्स काढणं, फोल्डर भरणं, आणि विज्ञानाच्या तासाला सामान वाटणं.

त्या तासालाच मला पहिल्यांदा दिसलं. सव्वादहा वाजता बाई विजेचं सामान काढायच्या. प्रत्येक जोडीला एक बॅटरी, दोन वायरी, एक बल्ब. आणि बरोबर सव्वादहाला पाच मुलं उठून बाहेर जायची. शाळेच्या मागे पार्किंगच्या कडेला तात्पुरते वर्ग होते, चाकांवरचे, पत्र्याचे. सगळे त्यांना ट्रेलर म्हणायचे. इंग्रजीचा जादा वर्ग तिथे. समोरची मुलगी माझ्या लेकीची जोडीदार होती. ती उठली की माझी लेक एकटीच वायरी धरून बसायची आणि बल्ब पेटवायला तिला तिसरा हात लागायचा. मग तो हात माझा.

तीन मंगळवार असेच गेले. चौथ्या मंगळवारी मी बाईंना विचारलं, "ती का जाते?"

"घरी स्पॅनिश बोलतात ना."

"आमच्या घरी मराठी बोलतात."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, काहीतरी म्हणणार होत्या, तेवढ्यात कुणाचा तरी बल्ब फुटला.

समोरची मुलगी जन्मली इथूनच पंधरा मिनिटांवरच्या हॉस्पिटलमध्ये. माझी लेक सहा वर्षांची असताना विमानातून उतरली तेव्हा तिला इंग्रजीत आपलं नाव, वीसपर्यंत आकडे आणि 'थँक्यू' एवढंच येत होतं. पहिल्या महिन्यात बाथरूमला जायचं आहे हे सांगता न आल्याने एकदा तिचे कपडे ओले झाले होते. तिला ट्रेलरमध्ये कुणी कधी पाठवलं नाही.

का पाठवलं नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं.

२००१ च्या ऑगस्टमध्ये नाव नोंदवायला जायच्या आदल्या दिवशी एका काकूंनी मला इंडियन ग्रोसरीच्या बाहेर गाठलं. त्या इथे आमच्या आधी सहा वर्षं आलेल्या. कोणता डॉक्टर, दुधाचा कोणता ब्रँड, कोणत्या शाळेच्या हद्दीत घर घ्यायचं, सगळं त्यांच्याकडून कळायचं.

"हे बघ, फॉर्मवर भाषेचे तीन रकाने असतात," त्या म्हणाल्या. "मूल पहिल्यांदा कोणती भाषा बोललं, घरी कोणती बोलतात, आता कोणती बोलतं. तिन्हीत इंग्लिश लिहायचं. डोळे मिटून."

"पण काकू, तिला येतच नाही."

"दोन महिन्यांत येईल. पोरं पटकन शिकतात. मराठी लिहिलंस तर टाकतील तिला त्या लोकांबरोबर, मग बस वर्षभर ए फॉर ॲपल करत."

त्या लोकांबरोबर म्हणजे कुणाबरोबर, हे मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी कामांच्या यादीत चौथा नंबर 'शाळेचा फॉर्म' होता. मी तिन्ही रकान्यांत इंग्लिश लिहिलं आणि चौथ्या नंबरवर बरोबरची खूण केली. नंतर मी नवीन आलेल्या निदान चार घरांना हाच सल्ला दिला. एकीला तर फॉर्म हातात घेऊन दाखवलं कुठे काय लिहायचं ते.

आणि तीच मी दर रविवारी एका घराच्या बेसमेंटमध्ये भरणाऱ्या मराठी वर्गाची हजेरी घ्यायचे. तिथे नियम होता, आत इंग्रजी बोललं की आईवडिलांनी पुढच्या रविवारी सगळ्यांसाठी पोहे आणायचे. मी तो नियम केला होता.

ऑक्टोबरमध्ये बसस्टॉपवर मी समोरचीला विचारलं. तिचं इंग्रजी तुटक, माझ्या स्पॅनिशमध्ये तेव्हा 'ओला' आणि 'ग्रासियास' एवढंच. तरी आमचं जमायचं.

"शाळेच्या फॉर्मवर भाषा कोणती लिहिलीस?"

"स्पॅनिश. का? आम्ही स्पॅनिशच बोलतो."

"कुणी काही सांगितलं नाही? दुसरं लिही म्हणून?"

ती हसली. "सेन्योरा, खोटं कशाला लिहायचं? शाळा आहे ती, पोलीस नाहीत."

मला त्या वेळी तिला सांगता आलं असतं. बस आली म्हणून सांगितलं नाही, असं मी स्वतःला म्हटलं. बस यायला अजून चार मिनिटं होती.

शाळा मुलांना काय शिकवते ते पुस्तकात असतं, पण रांगा कशा लावते ते पुस्तकात नसतं. माझ्या लेकीला दहाव्या वर्षी वर्गातल्या प्रत्येक मुलाचा गट पाठ होता. "ही हुशार मुलं, ही स्पोर्ट्सवाली, हे स्पॅनिश किड्स, दे गो टू द ट्रेलर." स्पॅनिश किड्समध्ये साल्वाडोरचे, बोलिव्हियाचे, होंडुरासचे सगळे एकत्र. त्यातल्या दोघांना स्पॅनिश धड येतही नव्हतं, एक तर घरी आजीशी डोंगरातली कुठलीशी वेगळीच भाषा बोलायचा.

सप्टेंबरमध्ये त्यांच्या संस्कृतीचा महिना साजरा झाला तेव्हा रंगवायला झेंडा दिला. मेक्सिकोचा. सगळ्यांना तोच, कारण मूळ प्रत तेवढीच होती. समोरची मुलगी म्हणाली हा माझा नाही. तिला सांगितलं, ठीक आहे, तरी रंगव. तिने कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला आपल्या झेंड्याचे निळे-पांढरे पट्टे काढले. भिंतीवर लावताना तो मेक्सिकोच्याच बाजूने लावला गेला. त्या तीस प्रती मी काढल्या होत्या, आणि मशीनसमोर उभी असताना माझ्या डोक्यातही काही आलं नव्हतं.

मग बदली शिक्षिकेचा दिवस. नेहमीच्या बाई आजारी होत्या. नव्या बाईंनी सव्वादहाला यादी पाहिली, पाच मुलं उठली, आणि त्यांनी माझ्या लेकीलाही सांगितलं, "तूही जा, उशीर होतोय." ती म्हणाली मी नाही त्यांच्यातली. बाई म्हणाल्या, वेळ घालवू नकोस. ती गेली. ट्रेलरमधल्या बाईंनी अकरा मिनिटांनी परत पाठवलं.

घरी आली ती दप्तर आपटत.

"आय ॲम नॉट स्पॅनिश! तिला दिसत नाही का?"

"काय दिसायला हवं होतं?"

"आय डोन्ट नो. मी त्यांच्यासारखी दिसते का?"

"कशाचं वाईट वाटलं तुला? चुकीच्या वर्गात पाठवलं त्याचं, की त्यांच्यातली समजलं त्याचं?"

ती दप्तर उचलून खोलीत गेली. मी पुन्हा विचारलं नाही, कारण तिने गोष्ट सांगितल्याक्षणी मलाही राग आला होता, आणि तो तिच्यासारखाच होता. चुकीच्या वर्गाचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी बसस्टॉपवर समोरच्या मुलीने तिला विचारलं, "तू रडलीस म्हणे?"

"नाही रडले."

"अकरा मिनिटं तर होतीस." ती हे चिडवून बोलली नाही, हिशोब सांगावा तशी बोलली. "मी बालवाडीपासून जाते. तिथे हिवाळ्यात हीटर चालत नाही, जॅकेट काढू नको, एवढं लक्षात ठेव. पुन्हा पाठवलं तर."

त्याच आठवड्यात परीक्षेची पत्रं आली. मी समोरच्या घरी जाऊन विचारलं, तुला मिळालं का. आईने शाळेतून आलेल्या कागदांचा सगळा गठ्ठा टेबलावर ठेवला. पाच वर्षांचे कागद, सगळे इंग्रजीत, नीट तारखेप्रमाणे लावलेले. प्रत्येकाच्या मागे मुलीच्या अक्षरात स्पॅनिशमध्ये दोन ओळी. पहिलीतली अक्षरं मोठी आणि वाकडी, पाचवीतली सरळ. आईला आलेली पत्रं पोरीनेच वाचून सांगितली होती. परीक्षेचं पत्र त्यात नव्हतं.

"ती गणितात चांगली आहे," आई म्हणाली. "हे मला माहीत आहे. माझे तास तीच लिहून ठेवते, हॉटेलवाले चुकवतात म्हणून. तिला ही परीक्षा द्यायची आहे. द्यायलाच हवी."

आम्ही भेटीची वेळ मागितली. १७ तारीख मिळाली. आईने सकाळच्या पाळीतून रजा काढली.

त्याआधीच्या रविवारी मराठी वर्ग सुटल्यावर, मुलं जॅकेट घालत होती तेव्हा, मी आमच्या मंडळींना सांगितलं. फॉर्मवर आपण काय लिहितो, ते मी मीटिंगमध्ये बोलणार आहे. माझं. तुमची नावं घेणार नाही. पण नंतर मी फॉर्म दुरुस्त करणार, आणि तुम्हीही करा.

त्या काकू जिन्याच्या कठड्याला टेकून उभ्या होत्या. "तू काय शाळा सुधारायला आलीस का इथे?"

"मुलीला परीक्षेला बसवायला चाललेय."

"तुझ्या मुलीला पत्र आलंय ना?"

"दुसऱ्या मुलीला."

एक नागपूरचे गृहस्थ, स्वभावाने चांगले, माझ्याकडे वळले. "वहिनी, तुमचं मन मोठं आहे, मान्य. पण प्रॅक्टिकली बघा ना यार. उद्या शाळेने सगळ्या इंडियन मुलांचे फॉर्म तपासले तर? आपल्या पोरांना त्या मेक्सिकन लोकांबरोबर बसवतील."

"साल्वाडोरची आहे ती."

"तेच ते."

"तेच ते कसं? आपल्याला कुणी पाकिस्तानी म्हटलं की दोन दिवस जेवण जात नाही."

कुणीतरी हसलं. ते गृहस्थ हसले नाहीत. काकू म्हणाल्या, "तुझ्या मुलीला ट्रेलरमध्ये घालतील तेव्हा माझ्याकडे रडत येऊ नकोस."

"येणार नाही," मी म्हटलं. "आणि नवीन आलेल्या कुणाला तुम्ही तो सल्ला दिलात, तर मी मागोमाग जाऊन उलटा देणार."

नवऱ्याने गाडीत विचारलं, एवढं तोडून बोलायची गरज होती का. मी म्हटलं होती. गुरुवारी मात्र मला शाळेत सोडण्यासाठी तो ऑफिसला उशिरा गेला.

तर गुरुवार. दुभाषी आला नाही म्हणून मुख्याध्यापिकांनी मनापासून माफी मागितली आणि विचारलं, "आपण जानेवारीत भेटूया का?"

जानेवारीत परीक्षा होऊन गेलेली असणार. मुलीने आईला सांगितलं. आई एक छोटं वाक्य बोलली.

"आई म्हणते नाही. आज."

"पण मग भाषांतर कोण करणार?"

"मी," मुलगी म्हणाली. "डॉक्टरकडे मीच करते. बँकेतपण."

तिने खुर्ची आईच्या आणि मुख्याध्यापिकांच्या मधोमध ओढून घेतली. पाय जमिनीला टेकत नव्हते. जादा वर्गाच्या बाईंनी फोल्डर उघडला. बोलणं चांगलं, ऐकून समजणं चांगलं, वाचन बरं, लेखन एक पायरी खाली. शैक्षणिक इंग्रजीची तयारी अजून झालेली नाही. त्यामुळे यंदा परीक्षेसाठी शिफारस करता येत नाही.

मुलगी भाषांतर करता करता थांबली. "शैक्षणिक म्हणजे नक्की काय सांगू? शब्द कमी पडतात असं म्हणू, की लिहिताना चुकते असं? स्पॅनिशमध्ये ते दोन वेगळ्या प्रकारे सांगावं लागेल."

बाई क्षणभर गोंधळल्या. "लिहिताना," त्या म्हणाल्या.

मुलीने तसं सांगितलं. आईने विचार केला आणि बोलली.

"आई विचारते, विज्ञानाच्या तासाला मी ट्रेलरमध्ये असते, तर विज्ञानाचं लिहायला मी कुठे शिकायचं?" मग घाईने, "हे आईचं आहे. माझं नाही."

वर्गशिक्षिका टेबलाकडे बघत होत्या. मुख्याध्यापिका म्हणाल्या, मुलगी हुशार आहे यात कुणाला शंका नाही, पण नियम सगळ्यांना सारखे आहेत. त्यांना माझं इथे येणं आवडलं, हेही त्यांनी आवर्जून सांगितलं. "तुमच्या समाजात शिक्षणाला किती महत्त्व असतं ते आम्ही रोज पाहतो. म्हणून तर तुमची मुलं एवढी पुढे जातात."

मुलीने याचं भाषांतर केलं नाही. आईने तिच्या कोपराला हात लावला, काय म्हणाल्या? मुलीने माझ्याकडे पाहिलं.

"सांग," मी म्हटलं.

तिने सांगितलं. आईने ऐकलं, मान हलवली आणि दोनच शब्द बोलली.

"काय म्हणाली?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"ते मी नाही सांगणार," मुलगी म्हणाली.

तिथे मी वही मिटली. माझा आवाज असा काही खास नाही, पण कारखान्यात मशीनच्या खडखडाटात बोलायची सवय होती. मी म्हटलं, "माझी मुलगी २००१ मध्ये इथे आली तेव्हा तिला इंग्रजी येत नव्हतं. घरी आम्ही मराठी बोलतो, तेव्हाही आणि आजही. तुमच्या फॉर्मवर मी तीन ठिकाणी इंग्लिश लिहिलं. खोटं लिहिलं. मला कुणी विचारलं नाही. ती पहिलीपासून विज्ञानाच्या तासाला वर्गात बसली आणि आता तिला परीक्षेचं पत्र आलं. या बाईंनी खरं लिहिलं. त्यांची मुलगी इथे जन्मली आणि आज गेला अर्धा तास तुमचं सगळं बोलणं तीच पोचवतेय. यात आमच्या समाजाचं कौतुक कुठे आलं ते मला दाखवा."

"इतर विद्यार्थ्यांबद्दल आपल्याला इथे बोलता येणार नाही," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"इतर नाही. माझीच आहे."

आई आता मुलीकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मुलगी भरभर, खालच्या आवाजात तिला माझं सगळं सांगत होती. फॉर्म, तीन रकाने, इंग्लिश. मला तिच्याकडे बघवेना, पण मी बघितलं. तिचा चेहरा कठीण झाला, आणि तो माझ्याकडे बघतानाच कठीण झाला. त्याबद्दल मला काही तक्रार नाही.

मग वर्गशिक्षिका पहिल्यांदा बोलल्या. "मी सप्टेंबरमध्ये हिचं नाव दिलं होतं," त्या म्हणाल्या. "परत आलं. जादा वर्गात असलेल्यांची नावं आपोआप गळतात. मी पुन्हा देते. आत्ता, इथे."

मुख्याध्यापिकांनी पेनाने फोल्डरवर दोनदा टकटक केलं. नियमात शिक्षिकेच्या आग्रहाला जागा होती, ते त्यांनाही माहीत असणार. त्यांनी लिहिलं.

"म्हणजे हो?" मुलीने विचारलं.

"परीक्षेला बस," त्या म्हणाल्या.

बाहेर पडताना काउंटरवरून मी कोरा फॉर्म घेतला आणि उभ्याउभ्याच तिन्ही रकान्यांत मराठी लिहिलं. क्लार्क म्हणाली, "मग मुलीची चाचणी होईल, चालेल?" मी म्हटलं घ्या. आठ दिवसांनी घेतली. लेक घरी येऊन कुरकुरली, "इतकी सोपी होती, माझी खेळायची रीसेस गेली." मग जेवताना मध्येच थांबली. "तिनेपण हीच टेस्ट दिली होती?"

"दर वर्षी."

"मग मी का पास आणि ती का नाही?"

"तू विज्ञान लिहायला शिकलीस."

ती उरलेला भात चिवडत राहिली. पुढच्या मंगळवारी समोरची मुलगी ट्रेलरमधून परत आली, तेव्हा माझ्या लेकीने बल्ब, वायरी सगळं तसंच मांडून ठेवलं होतं, पेटवलं नव्हतं. बाई आवरा म्हणत होत्या. ती आवरत नव्हती.

त्या गुरुवारी मीटिंगनंतर पार्किंगमध्ये समोरची बाई माझ्यापुढे येऊन उभी राहिली. मग तिच्या तुटक इंग्रजीत म्हणाली, "तू मला बसस्टॉपवर सांगायला हवं होतंस." मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "ठीक. आता बाकीच्यांचं."

"बाकीचे कोण?"

"ट्रेलरमधले. त्यांच्या आया."

ती कल्पना माझी नव्हती, हे नोंदवून ठेवते. शनिवारी दुपारी आम्ही घरोघरी जायला लागलो. पहिल्या दोन घरी मुलगी बरोबर होती. तिसऱ्या घराच्या जिन्यात ती बसली. "मिस, मला होमवर्क आहे. आणि मी दहा वर्षांची आहे." आई रागावली, मी नाही. मी वहीत आईकडून लागणारी वाक्यं देवनागरीत लिहून घेतली आणि पाठ केली. 'उस्तेद तिएने देरेचो अ पेदिर ला प्रुएबा ओत्रा वेस.' तुम्हाला चाचणी पुन्हा मागायचा हक्क आहे. माझे उच्चार ऐकून एका घरातली आजी इतकी हसली की तिने आम्हाला जेवायलाच बसवलं. मक्याच्या पानात गुंडाळून उकडलेलं काहीतरी होतं, आमच्या पानग्यांच्या जवळचं. दुसऱ्या एका घरी दार उघडलं नाही, पडदा मात्र हलला. त्या वर्षी गावात रस्त्याच्या कडेला रोजंदारीच्या कामासाठी उभ्या राहणाऱ्या, बाहेरून आलेल्या माणसांवरून भांडण पेटलं होतं. अनोळखी बाईला दार उघडायचे ते दिवस नव्हते.

आमच्या मराठी वर्गातल्या दोन घरांनी फॉर्म दुरुस्त केले. काकूंनी नाही. नागपूरच्या गृहस्थांनी केला, आणि मला सांगितलं नाही, त्यांच्या बायकोने सांगितलं.

समोरची मुलगी डिसेंबरमध्ये परीक्षेला बसली. फेब्रुवारीत यादीत तिचं नाव आलं. वसंतात तिने ट्रेलरची चाचणीही पार केली आणि सहावीत माझ्या लेकीच्याच गणिताच्या वर्गात बसली, तिच्यापेक्षा पुढे. माझ्या लेकीला ते आवडायचं नाही आणि ती तसं सांगायची, मला ते चाललं.

हे लिहितेय तेव्हा २००७ चा सप्टेंबर आहे. दोघी सातवीत, नव्या शाळेत. ऑगस्टमध्ये टपालाने वेळापत्रकं आली. समोरच्या मुलीच्या कागदावर बीजगणित नव्हतं. साधं गणित होतं, आणि पाचव्या तासाला 'भाषा साहाय्य'. तिने कागद आईच्या हातातून घेतला, माझ्याकडे आणून दिला आणि विचारलं, "मिस, मी पुन्हा सिद्ध करायचं का?"

मी म्हटलं, नाही. तू नाही.

नव्या शाळेतल्या समुपदेशक बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, कॉम्प्युटरवर असंच दिसतंय, जुन्या फाइलमधून आलंय. बीजगणिताच्या वर्गात तिला बसवलं, तात्पुरतं, फाइलचा निकाल लागेपर्यंत. मी विचारलं, फाइलमध्ये नक्की कोणता कागद आहे? ते सांगता येत नाही, पालकांनी लेखी मागणी करावी.

आईने मागणी केली आहे. दोन पानांचा अर्ज, तिने स्वतः इंग्रजीत भरला, मुलीला हात लावू दिला नाही. कायद्याने पालकांना फाइल बघायला मिळते. ऑफिसने पोच दिली. बघायला कधी यायचं, ते कळवतो म्हणाले. सोळा दिवस झाले.

फाइल अजून पाहायची आहे. ज्या कागदावर ती अजून बालवाडीतली, इंग्रजी न येणारी आहे तो शोधायचा, त्याची प्रत घ्यायची आणि तो रद्द झाल्याचं लेखी मागायचं. सोमवारी नऊ वाजता ऑफिस उघडतं. तिची आई आणि मी दारात असू.